गाणं संपलं की जाणार

आमच्या ह्यांचं काम लोकांना नाचवायचं, आणि माझं वर बसून वाट बघायचं. खाली नाचघर, वर आमची एक खोली. नऊ वर्षं झाली.

रात्रीचं शेवटचं गाणं ठरलेलं. आफ्रिकेकडचं, अमापियानो का काय म्हणतात ते. संथ चाल, पियानोचे दोन-चार सूर, मागे खुळखुळा, आणि तो जाड ढोल फरशीतून थेट माझ्या टाचांत. कुणीतरी बाई दमल्या आवाजात 'जवळ ये, जवळ ये' म्हणते, असं ह्यांनीच एकदा सांगितलेलं. ते सुरू झालं की मी जेवण गरम करायला ठेवायचं. सात मिनिटांत गाणं संपतं, दहाव्या मिनिटाला हे वर. जेवले की भिंतीकडे तोंड. सकाळी साडेसहाला मी कारखान्यात शर्टांना कॉलर लावायला हजर. याला म्हणे संसार!

काल सकाळी सांगूनच टाकलं, "आज तुमचं ते गाणं संपलं की मी ताईकडे निघाले. कायमची."

ह्यांनी कूस बदलली. तोंडात मिठाची गुळणी, नेहमीसारखी.

रात्री गाणं सुरू झालं. मी गॅस पेटवला नाही. बॅग दाराशी ठेवली, चपला घातल्या, बसले. सात मिनिटं झाली. पंधरा झाली. ती बाई आपली बोलावतेच आहे. तसं मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, पण बोलले होते ना, संपल्यावर म्हणून. अर्ध्या तासाने डोकंच फिरलं. बॅग उचलली आणि तरातरा खाली उतरले.

हॉल रिकामा. खुर्च्या टेबलांवर उलट्या. मालकही चाव्या टाकून गेलेला. हे मशीनपाशी उभे, बोट बटणावर, डोळे लाल.

"अहो, कुणासाठी वाजवताय? भुतांसाठी?"

"संपलं की जाशील म्हणालीस."

"मग?"

"संपत आलं की मागे नेतोय."

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. "सकाळी काय झालं होतं? 'जाऊ नकोस' एवढं तोंडातून निघत नाही?"

गाणं शेवटाला आलं, बोट हललं, पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाले, "फार दमलोय गं मी. वर येईपर्यंत बोलायला जीवच उरत नाही."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मनातलं बोलले हे. आणि मी धरून चालले होते, माणसाला माझाच कंटाळा आलाय.

एक खुर्ची खाली घेतली, बसले. दोघं ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर गाणं वाईट नव्हतं. मी ते नुसतं फरशीतून ऐकलेलं, समोर बसून कधीच नाही.

पुन्हा संपत आलं. ह्यांचं बोट पुढे सरकलं. मी ते धरलं.

"संपू द्या."

शेवटचा ढोल वाजला. नंतर इतकं शांत झालं की ह्यांचा श्वास ऐकू आला. हे माझ्या बॅगेकडे बघत होते.

"बघताय काय नुसते?" मी म्हटलं. "उचला ती. जिना चढवत नाही आता मला."