करंगळीखालची चावी

सॅक्सोफोनवरच्या छोट्या छोट्या सुरावटींना बाबा वाक्यं म्हणायचे. जॅझ म्हणजे गप्पा, आणि गप्पा मारायच्या तर चार वाक्यं जिभेवर तयार हवीत, हे त्यांचं म्हणणं. म्हणून एकेक वाक्य घ्यायचं आणि सगळ्या पट्ट्यांतून फिरवून आणायचं, तान्हं बाळ घरभर सगळ्यांच्या मांडीवर फिरतं तसं.

त्यांच्या थोरल्या लेकीला ही सगळी वाक्यं पाठ होती. बाबा गेल्यावरही ती शिवणाचं दुकान बंद करून घरी आली की मागच्या खोलीतलं कपाट उघडायची आणि बाबांच्या कोटांकडे तोंड करून त्यांचाच सॅक्सोफोन वाजवायची. कोट आवाज पिऊन टाकतात, शेजारी कुरकुरत नाहीत. टाळ्या मिळायच्या नाहीत, पण बिचारे ऐकून तरी घ्यायचे.

बँडमधली बाबांची खुर्ची अजून रिकामी होती, आणि थोरलीला ती हवी होती. पियानोकाकांनी, म्हणजे बाबांच्या जन्मभराच्या दोस्ताने, तिला तालमीला बोलावून ऐकलं. ऐकून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"डोळे मिटले तर तुझा बाप बसलाय समोर," ते म्हणाले. "पण पोरी, बाप माझ्या ओळखीचा होता. तू कोण?"

पुढच्या रविवारी पुन्हा ये, म्हणाले. तेव्हाही हेच ऐकू आलं, तर दुसरा माणूस घ्यावा लागेल.

आठवडाभर ती झटली. स्वतःचं काही म्हणायला जावं, तर बोटं सवयीने बाबांच्याच वाक्यात शिरायची. त्यात खालचे सूर फुसफुसायला लागले, म्हणून ती वाद्य दुरुस्तीला घेऊन गेली. दुरुस्तीवाल्याने एकेक चावी तपासली आणि डाव्या करंगळीखालच्या चावीपाशी थांबला. ही कधी वापरलीच नाही का, त्याने विचारलं.

थोरलीने मान ताठ करून सांगितलं, की आमच्या घरात तो सूर वाजवत नाहीत. लहानपणी बाबांनी बजावलं होतं, तिकडे जायचं नाही. त्या सुराला वळसा घालून जाणं हीच त्यांची शैली.

"शैली कसली," तो म्हणाला. "आतली गादी चिकटलीय, बाई. म्हणून तो सूर निघतच नाही."

त्याने गादी सोडवली, स्प्रिंग बदलली.

घरी तिने हे आईला सांगितलं, तर आईला हसू आवरेना. "दर महिन्याला म्हणायचे, उद्या नेतो दुरुस्तीला. मग म्हणाले, राहू दे, जातो वळसा घालून."

थोरलीला आधी रागच आला. उभं तारुण्य तिने एका माणसाचा आळस घोटून घोटून पाठ केला होता. मग ती कोटांसमोर उभी राहिली आणि बाबांचं लाडकं वाक्य सरळ, त्या सुरावरून, वाजवलं. एवढंच म्हणायचं होतं होय त्यांना! किती साधं, किती गोड.

पण वाक्य लवकर संपलं. वळशात जायचा तेवढा वेळ हातात उरला, आणि तिथे वाजवायला बाबांचं काहीच नव्हतं. पहिल्यांदा ती नुसती गप्प राहिली. दुसऱ्यांदा काहीतरी वेडंवाकडं निघालं. ते मात्र आधी कुणाचंच नव्हतं.

रविवारी तिने बाबांचं वाक्य सरळ म्हटलं, तेव्हा पियानोकाकांनी चमकून वर पाहिलं. मग ती मोकळी जागा आली. थोरली त्यात शिरली. एक सूर घसरला, तिने तो तसाच धरून ठेवला आणि त्याच्याच आधाराने पुढे गेली. जिथे बाबा थांबायचे, तिथे काकांनी शेवटाकडे हात वळवले. ती थांबली नाही. काका हसले, आणि त्यांनी पियानोवर पुन्हा पहिल्यापासून साथ धरली.

संपल्यावर त्यांनी पायाने रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"तालीम पाचला असते. बापासारखी उशिरा येऊ नकोस."

थोरली खुर्चीत बसली. दम लागला होता.