संध्याकाळचा व्यायाम

आतल्या खोलीतून किंकाळी आली तशी तिने मोरीतला नळ आणखी मोठा सोडला. भांडी केव्हाच घासून झाली होती. तीच तीच पुन्हा विसळत ती उभी राहिली.

लेकीचा हात सकाळी ती ताणायची, संध्याकाळी नवरा. कढत दुधाने भाजलेला पंजा भरून आला तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. मग नवी कातडी बोटांना तळव्याकडे ओढू लागली.

"जखम भरली तरी व्रण आवळतच राहतो, महिनोन् महिने," व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. "तो आत ओढणार, तुम्ही उलटं ताणायचं. रडली तरी सोडायचं नाही."

तिने सोडलं नव्हतं. सकाळी तिची चाहूल लागली की लेक पांघरुणात दडायची. तरी काळजावर दगड ठेवून ती एकेक बोट उलगडायची, आणि दिवसभर स्वतःला कसाई म्हणायची. नवरा फिटर, गंजलेल्या नटांना दाद न देणारा. त्याच्या वेळेला तर पोर घर डोक्यावर घ्यायची. निदान त्याचं तरी मन घट्ट आहे, एवढाच तिला आधार होता.

आज दुपारी बाईंनी करंगळी तपासली.

"दोन्ही वेळा करता ना नक्की? पुन्हा आखडलीय. अशीच राहिली तर ऑपरेशन करून सोडवावी लागेल."

आत पुन्हा किंकाळी. तिने नळ बंद केला आणि दार ढकललं.

लेक बापाच्या मांडीवर डोकं ठेवून, छताकडे बघत, जिवाच्या आकांताने ओरडत होती. भाजलेला हात त्याच्या ओंजळीत नुसता पडला होता. तो त्यावर अंगठ्याने हलकेच तेल फिरवत होता. आई दिसताच ओरडणं मध्येच तुटलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," तो खाली बघत म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही गं."

"आणि माझ्याच्याने होतं?"

ती शेजारी मटकन बसली. मग त्याचा अंगठा धरून तिने करंगळीवर ठेवला आणि वर स्वतःचा हात ठेवला.

लेकीने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"बाबा, आज खरंच?"

त्याने कशीबशी मान हलवली. पोरीने डोळे मिटले, ओठ दातांत धरला आणि हात आपणच पुढे केला.

करंगळी उलगडू लागली. या वेळी ती ओरडली नाही.