खंडेनवमीचा मेन स्विच

इंदापूर तालुक्यातल्या त्या साखर कारखान्यात खंडेनवमीला दुपारी बाराला मेन स्विच पाडायची चाल होती. यंत्रांना तेवढीच विश्रांती, मग हळदकुंकू आणि नारळ. पण शहाण्णव साली यंत्रांत कॉम्प्युटरची भर पडली होती आणि त्याला विश्रांती परवडणारी नव्हती. दसरा झाला की गाळप सुरू होणार. कुणाचा ऊस आधी तोडायचा तो क्रम लागणीच्या तारखांवरून कॉम्प्युटर लावत होता. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच बसल्या होत्या; नव्या मागितल्या की संचालकांना काटकसर आठवे.

करुणा कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. तिनं एकेका खातेप्रमुखाला गाठून बजावलं होतं की पूजा खुशाल करा, करंट तोडू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. स्विच पाडायचा वायरमन कचरूनं, आणि कचरू तिचा बाप. इलेक्ट्रिकलच्या साहेबांना वाटलं, बापाला लेक सांगेलच. लेक रोज जेवताना सांगायचं ठरवायची आणि रोज बापापुढं साहेब व्हायला तिची जीभ रेटत नसे. शहाणी माणसं अशीच फसतात.

बाराला पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. करुणानं धावत जाऊन करंट सुरू करायला लावला, पण डिस्क उघडेना.

आदल्या संध्याकाळची कॉपी एका टेपवर होती. ती चढवत असतानाच संचालक आप्पासाहेब दारात येऊन उभे राहिले. क्रम गेला तर जाऊ दे, आम्ही चौघं संचालक बसून लावतो, असं त्यांचं म्हणणं. ते चौघं कुणाचा ऊस आधी तोडायला लावतील, हे गावोगावच्या बांधांवरही ठाऊक होतं. टेप फिरत राहिली. करुणा पडद्यावरून नजर हलवेना. अखेर एकेक नाव उमटू लागलं आणि तिच्या जिवात जीव आला.

आप्पासाहेबांचा हिरमोड झाला. आता त्यांना खापर फोडायला माणूस हवा होता. स्विच पाडणाऱ्याला आजच घरी बसवतो, म्हणाले. कचरूला बोलावलं. त्याच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं का रे?"

कचरूनं लेकीकडं बघितलंच नाही. "सांगितलं व्हतं, साहेब. माझ्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

गप्प बसली असती तर तिची खुर्ची शाबूत राहिली असती. क्षणभर तिला तसं वाटलंही, आणि स्वतःचीच किळस आली.

"आबा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे."

आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं विभागाच्या किल्ल्या मागून घेतल्या. उद्यापासून यायचं नाही, एवढंच बोलले आणि निघून गेले.

बापलेक गेटकडं निघाले. कचरू रागानं धुमसत होता. गप बसायला काय झालं होतं, असं त्यानं विचारलं.

"घरीच सांगायचं व्हतं, आबा. तुमाला हुकूम करायला धीर झाला न्हाय."

कचरू थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अगं, तू हुकूम करावास म्हणूनच तर शिकवली तुला."