बुंध्याखालचं लाकूड

कृष्णवेणी तिसऱ्यांदा मृदंग परत घेऊन आली, तेव्हा भीमसेनराव तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"अण्णा, राग धरू नका," ती म्हणाली. "आवाज येतो. पण राहत नाही."

"राहत नाही म्हणजे काय? पाहुणा आहे का तो?"

ती खाली बसली, मृदंग मांडीशी घेतला आणि उजव्या तोंडावर एक बोट मारलं. स्वर निघाला आणि कुणी वर तळहात ठेवावा तसा तिथंच संपला. भीमसेनरावांनाही ते तुटणं ऐकू आलं, आणि तीच पंचाईत होती.

तंजावरात करंतैच्या बाजूला ते मृदंगाची खोडं घडवत. वडीलही हेच करत. कृष्णवेणी ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि पंधरा वर्षं मृदंग वाजवायची. गाणाऱ्या बायकांना साथ करायची, म्हणून तिला आखूड खोडाचा, उंच स्वराचा मृदंग हवा होता. रामनवमीला पापनाशमला तिची कच्चेरी होती. मैफलीला तिकडे तेच म्हणतात. पहिलं खोड वाळतानाच तडकलं होतं. हे दुसरं. त्याचं पोट भीमसेनरावांनी दोनदा आतून कोरून पातळ केलं होतं.

"कातडं ओलं चढवलंस," ते आरोक्यमवर घसरले. मृदंगाला कातडं चढवायचं काम त्याचं.

आरोक्यमने वाद्या सोडल्या, कातडं उतरवलं आणि उघड्या खोडावर बोटाच्या पेराने टकटक केली. "सार, खोडच मुकं आहे. मी त्याला कपडे घालीन. वाचा कुठून आणू?"

भीमसेनराव सायकल काढून तडक सांबशिवच्या लाकडाच्या वखारीत गेले. "पाच वर्षं मुरलेला फणस म्हणून दिलास ना?"

"फणसच आहे की."

"शेंड्याकडचा! वरचं लाकूड हलकं, त्याचे दोरे सैल. मला बुंधा लागतो."

सांबशिवने लपवालपवी केली नाही. "बुंधा आता माझ्यापर्यंत येतच नाही, सामी. नव्या कॉलन्या उठताहेत, सगळ्यांना जाड दारं पाहिजेत. दारांच्या कारखान्याचे ट्रक सरळ फणसाच्या बागेत जाऊन उभे राहतात. तुम्ही वर्षाला मृदंग किती करता? आठ? दहा? त्यांना रोज चाळीस चौकटी लागतात."

भीमसेनराव घरी आले आणि बायकोवर, कनकलतेवर, ताक आंबट झालं म्हणून ओरडले.

रामनवमी आली. उंच स्वराचा दुसरा मृदंग नव्हताच, म्हणून कृष्णवेणीने तोच वाजवला. भीमसेनराव तिसऱ्या रांगेत बसले होते. दर गाण्यानंतर ती दगडाने कडा ठोकून स्वर चढवायची आणि पुढच्या गाण्यात तो पुन्हा उतरायचा. गाणाऱ्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. भीमसेनरावांना उठून जावंसं वाटत होतं, पण ते शेवटपर्यंत बसले.

मैफल संपल्यावर ती म्हणाली, "कुणी केला म्हणून विचारत होते. मी तुमचं नाव सांगितलं नाही."

ती हे मायेने बोलली होती. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठवड्याने ते स्वतः पन्रुट्टीला गेले. तिथल्या फणसाच्या बागा प्रसिद्ध. तीन बागा हिंडले, पण प्रत्येक जाड बुंध्यावर कारखान्याची तांबड्या रंगाची खूण होती. चौथ्या बागेत अंबुजा नावाच्या म्हाताऱ्या मालकिणीसमोर चाळीस वर्षांचं झाड त्याच सकाळी पाडलं जात होतं. भीमसेनरावांनी हात जोडले. फक्त दोन हात लांबीचा तुकडा द्या, म्हणाले.

"कारखान्याला शब्द दिलाय रे बाबा," ती म्हणाली. "जमिनीच्या वरचं सगळं त्यांचं. खालचं त्यांच्या यंत्रात बसत नाही. खणून काढता येत असेल तर ने, नाहीतर मी जाळणारच आहे."

दोन गडी घेऊन त्यांनी दोन दिवस खणलं. वय छप्पन्न. तळहातांची सालटी निघाली, पहारीचं टोक वाकलं, आणि मातीतून वर आला तो गाठी पडलेला, पिळलेला गड्डा. फणसाच्या लॉरीत घालून तो तंजावरला आणला, टोकांना शेणमाती लिंपली आणि सावलीत ठेवला. दीड वर्ष त्याला हात लावायचा नव्हता. घाई केली की तडा जाणार, हे एकदा पाहून झालं होतं.

मधल्या काळात कृष्णवेणीने मद्रासहून तयार मृदंग आणला. येऊन तसं सांगितलंही. "बरं केलंस," ते म्हणाले आणि सावलीतला गड्डा बघायला गेले.

शेवटी गड्डा लाकूड कातायच्या चरकावर चढला. मुळाकडचे दोरे आडवेतिडवे, पटाशी एका जागी घसरायची, दुसऱ्या जागी रुतायची. तीन पटाश्यांची धार गेली. आठ दिवसांचं काम पाच आठवडे चाललं, आणि त्यातला एकही दिवस शिवी दिल्याशिवाय गेला नाही. आरोक्यमने उघड्या खोडावर टकटक केली आणि तो लगेच कातडं आणायला गेला.

मृदंग तयार झाल्यावर कृष्णवेणी आली. तिने उजव्या तोंडावर एक बोट मारलं आणि हात उचलला. स्वर राहिला. गल्लीतून मोपेड गेली, तरी त्याखाली तो ऐकू येत होता. तिने मान वर केली, डोळे भरले होते.

"चूक काय ते सांग," भीमसेनराव म्हणाले.

"काही नाही, अण्णा."

"मग उचल."

ती वाकली. मृदंग गुडघ्यापर्यंत आला आणि खाली गेला. पुन्हा उचलून पाहिला. मद्रासच्या मृदंगापेक्षा जवळजवळ दीडपट वजन होतं. "हा घेऊन मी बसमध्ये कशी चढू?"

लाकडाचे दोरे, त्याचं वाळणं, पोटाची जाडी, सगळ्याचा त्यांनी विचार केला होता. तिच्या खांद्यांचा केला नव्हता. आतून आणखी कोरलं तर स्वर जाणार. त्यांनी रागाने मृदंगाला खोळ घातली आणि खांद्यावर घेऊन स्टँडची वाट धरली.

कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट मागितलं. भीमसेनराव ओरत्तनाडूपर्यंत त्याच्याशी भांडत गेले. कृष्णवेणीच्या ओसरीवर मृदंग उतरवला, तेव्हा त्यांचा खांदा सोलला होता.

"कच्चेरी असेल तेव्हा निरोप धाड. मी येऊन उचलीन."

"दर खेपेस?"

"मग काय करू?" ते खेकसले. "पातळ केला तर मरेल तो. पाणी आण आधी."