दुधाळ पेला

शनिवारी दुपारी स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराच्या मासळीबाजारामागचा हॉल असा खच्चून भरायचा, की खोकायलाही जागा नसायची. आणि खोकणारेच सगळे! व्यासपीठावर प्रोफेसर ऑर्लांडो. मिशांना तेल, बोटांत चार अंगठ्या. कुठल्या विद्यापीठाचे प्रोफेसर, ते मात्र विचारायचं नाही.

"या ताई, या! घाबरू नका!" त्यांच्या हातात स्वच्छ पाण्याचा पेला. "या नळीतून फुंका. छातीतला चोर आपणहून बाहेर येतो की नाही बघा!"

ताई फुंकायच्या. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं.

"अगं बाई!" सगळा हॉल ओरडायचा.

"हाच तो क्षय! डॉक्टर भिंगातून शोधत बसतात, मी उघड्या डोळ्यांना दाखवतो. आता सहा आठवडे माझं अमृत घ्या!"

सहा आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा फुंकायचा. पाणी नितळच राहायचं. टाळ्या पडायच्या. झाला बरा!

मी या वस्तीत क्षयाच्या दवाखान्याची नर्स. अकरा वर्षं जिने चढतेय. दवाखान्याच्या भिंतीवर वस्तीचा नकाशा आहे. ज्या घरात रोगी, त्या घरावर शाईचा ठिपका द्यायचा. मग तिथं जाऊन रोग्याला थुंकायला निळी बाटली द्यायची, खिडकी उघडायला लावायची आणि मुलांना रोग्याच्या अंथरुणातून बाहेर काढायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. इथं सगळं घर स्वयंपाकघराच्या कोनाड्यातल्या एकाच पलंगावर, पडदा ओढून झोपतं. पूर्वी मला या घरांचं वाईट वाटायचं. आता नुसती चढते आणि उतरते.

अशाच एका ठिपक्याच्या घरातली रोगी नेटी लेडलॉ. मासेमारीची जाळी विणायची. नवरा समुद्रात गेला तो गेलाच. सहा वर्षांची एफी, एवढंच तिचं जग. एफीसाठी मी खुर्च्या जोडून खिडकीपाशी वेगळं अंथरूण करून दिलं होतं.

एका सोमवारी गेले, तर खिडकी बंद आणि खुर्च्या टेबलाशी.

"बाटली कुठंय, नेटी?"

"दिली पुलावरून फेकून!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसत होती. "माझा पेला स्वच्छ निघाला, नर्सबाई. महिना झाला. आता तुम्ही येऊ नका हो. तुमची टोपी जिन्यात दिसली, की शेजारणी एफीला दारात उभं करत नाहीत."

"एफी झोपते कुठं?"

"माझ्या कुशीत. आणखी कुठं झोपणार?"

पडद्याआड एफी खोकली. मी ऐकलं. नेटीनं ऐकलं नाही, किंवा तिला ऐकायचं नव्हतं.

खाली ग्रिझेल आजी जिन्याच्या भिंतींना चुना देत होती. पिंपात चुना तळाला बसलेला, वर स्वच्छ पाणी आणि पाण्यावर पांढरा पापुद्रा.

"ही साय कसली, आजी?"

"हवा लागली की धरते. म्हणून तर प्रोफेसरांना बूच घट्ट लावून देते."

"काय देता?"

"वरची निवळी. दर शनिवारी एक बरणी. घसा धुतात म्हणे. भला माणूस हो! मला पुढची खुर्ची फुकट देतो."

मला सगळं उमगलं. राग यायला हवा होता. आला नाही. मी आजीकडे बूच लावून बरणीभर निवळी मागितली.

शनिवारी ती बरणी आणि दोन भरलेले पेले घेऊन मी व्यासपीठावर चढले. "एकात आजीच्या पिंपातली निवळी, एकात नळाचं पाणी. प्रोफेसर, आधी तुम्ही फुंका."

"माझा श्वास साधनेचा आहे, बाई, तो असा..."

"मग फुंकायला तुझं काय जातंय रे?" मागून एक मासेवाली ओरडली.

प्रोफेसर टोपी शोधू लागले. मीच निवळीत फुंकलं. पांढरी!

"अरे देवा, नर्सबाईंनाही झाला!"

"त्या खाटकाला बोलवा!" कोणीतरी म्हणालं. लालबुंद गालांचा तो धडधाकट माणूस वर आला. त्याला बरणीतली नवी निवळी ओतून दिली. त्यानं फुंकलं. पांढरी! मग हशा पिकला.

मी म्हणाले, "माणसाच्या श्वासानं चुन्याची निवळी पांढरी होते. रोग्याच्याही आणि धडधाकटाच्याही. नळाच्या पाण्याला काही होत नाही. हे आधी निवळी देतात, शेवटी नळाचं पाणी. पेल्यातलं पाणी बदललं, छाती तशीच राहिली."

"मेल्या, माझ्याच चुन्यानं?" ग्रिझेल आजी प्रोफेसरांची बरणी उचलून धावली, तोवर प्रोफेसर मागच्या दारानं पसार झाले होते.

हॉल हसत होता. नेटी वर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिनं नळाच्या पाण्यात फुंकलं. स्वच्छ. मग उरलेल्या निवळीत फुंकलं, आणि पांढऱ्या पेल्याकडे बघत उभी राहिली.

कोणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी तोच पेला एका निरोगी माणसाला फुंकायला द्या. माझं एवढंच मागणं आहे.

मंगळवारी एफीची तपासणी झाली. तिलाही क्षय निघाला; तो त्या महिन्यातच लागला की आधीच होता, मला सांगता येणार नाही. नकाशावर त्या घराचा ठिपका होताच, नवा द्यावा लागला नाही.

नेटीनं बाटलीसाठी हात पुढं केला. मग म्हणाली, "नर्सबाई, याहून लहान मिळते का हो? तिच्या मुठीत मावेल अशी?"

"नाही," मी म्हणाले. "एकाच मापाच्या येतात."

आणि तिला दोन दिल्या.