ताईंच्या खोलीतला तीनरंगी दिवा

मी एक जुना तीनरंगी दिवा आहे. ताई गेल्याची बातमी आमच्या खोलीत आली तो मंगळवार होता. ताईंऐवजी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, किल्ली घेऊन आले. ताईंकडे शिकायला येणारी तडतडी आधीच येऊन दाराबाहेर उभी होती.

आत आल्यावर काका म्हणाले, "ताई गेली गं."

"कुठं?"

काकांनी खिडकीकडे पाहिले. "देवाघरी."

"मग यायच्या कधी?"

काकांनी खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

मित्रांनो, तडतडीला हसू नका. ती सोळा वर्षांची आहे. आईच्या पोटात असताना दारूचा परिणाम तिच्या मेंदूवर झाला. म्हणून तिला राग चटकन येतो, सांगितलेले राहत नाही आणि आडवळणाचे बोलणे कळत नाही. अशा मुलामुलींना ताई वागायला-बोलायला शिकवत. "पोरांना बोल लावायचा नाही, त्यांच्या आयांनाही नाही," असे त्या येणाऱ्या प्रत्येकाला बजावत.

मला काकांनी बनवले. ते वायरमन. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तीन बल्ब आणि तीन बटणे, एवढाच माझा संसार. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे विचार कर, हिरवा म्हणजे आता बोल. मला पाहून ताई म्हणाल्या, "अहो, दिवा मागितला होता, तुम्ही तर अख्खा चौक उचलून आणलात!"

पहिल्याच आठवड्यात तडतडीने मला चप्पल फेकून मारली. तो पोचा अजून आहे. पण ताई दर मंगळवारी तेच, तितक्याच शांतपणे शिकवत राहिल्या. मग एक दिवस तिची आत्या हसत आली. "अहो, काल भावाशी भांडता भांडता ही ‘लाल!’ म्हणून ओरडली आणि गच्चीवर निघून गेली. खाली आली ती नीट बोलायला लागली. तो मेला अजून घाबरलेलाच आहे!" त्या दिवशी ताईंनी मला पदराने पुसले. मी केवढा फुगलो होतो!

शिकल्या ताईसुद्धा. एकदा त्या म्हणाल्या, "डोके जरा ठिकाणावर ठेव."

"आहे की! मानेवरच आहे," तडतडी म्हणाली.

दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून ताई सरळच बोलू लागल्या. निघताना म्हणत, "मी आता जाते. मंगळवारी येईन."

आत्या दचकायची. "अहो, जाते काय म्हणता? येते म्हणावं माणसानं!"

"येते म्हटलं, तर ही दारातच वाट बघत बसेल."

शेवटच्या मंगळवारी ताईंना बरे नव्हते. दारातून त्या जुन्या सवयीने म्हणून गेल्या, "येते हं."

तडतडी कितीतरी गोष्टी विसरते, ही विसरत नाही. दर मंगळवारी ती येते, बाहीने माझी धूळ पुसते आणि काकांशी गप्पा मारते.

"काका, शर्ट उलटा घातलाय."

"फॅशन आहे."

"नाही. उलटाच आहे."

काका मग मोठ्याने हसतात. ‘वारली’ असेही त्यांनी सांगून पाहिले. "वारली म्हणजे?" तिने विचारले. तिला कळेल असा शब्द एकच आहे, मेली. ताईंनी तोच वापरला असता. पण तो शब्द आपण मुंगीला लावतो, डासाला लावतो. काकांच्या तोंडून तो आपल्या बायकोसाठी निघत नाही.

गेल्या मंगळवारी त्यांचे ओठ हलले आणि थांबले. तडतडीने माझे पिवळे बटण दाबले. "घाई नाही, काका. विचार करा, मग बोला."

मित्रांनो, अशी मुले भेटली तर सरळ बोला, आणि तेच पुन्हा सांगायला कंटाळू नका.

आज पुन्हा मंगळवार आहे. तडतडी दाराकडे बघत बसली आहे. ताई मेली, हे काकांनी तिला अजून सांगितलेले नाही.