रानउडीद

फूल जांभळं होतं. ज्वारीच्या दाण्याहून फार मोठं नसेल, पण भिंगाखाली त्याची उभी पाकळी, तिच्या पुढ्यात मिटून बसलेले दोन पंख, सगळं लख्ख दिसत होतं... आणि नेमका त्याच वेळी पाठीमागून भीमाशंकर सरांचा आवाज आला, भरल्या सभागृहापुढे यावा तसा, घसा खाकरून.

"रानतूर. तीन पर्णिका, खालून दाट लव, फूल पिवळं. लिहून घ्या."

विद्यार्थ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. दामिनीने भिंग मिटलं. मेंढरं आहेत नुसती, तिला वाटलं. फूल नाकासमोर लोंबतंय आणि हे कानांनी बघतायत. इस्लापूरहून सागाच्या रानात शिरल्यापासून हेच चाललं होतं — निम्मे जण पानावर मोबाइल धरून नाव उगवायची वाट बघत होते, उरलेले सरांना मध्ये घेऊन फोटो काढत होते, आणि सर, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी, वनस्पतिशास्त्र आपल्याच नावाने सातबाऱ्यावर चढलंय अशा थाटात काठी टेकत पुढे. प्राचार्यांचा आग्रह नसता तर तिने या माणसाला सहलीला बोलावलंही नसतं.

एम.एस्सी.च्या वर्षी याच माणसाने तिचा नमुना वर्गासमोर उंच धरला होता. वाळलेली वेल, खाली तिच्या अक्षरातलं चुकलेलं नाव. "ह्याला रानमूग म्हणून राहिली ही. पान पाहायला डोळे लागतात दामिनी, नुसता चष्मा असून भागत न्हाई." वर्ग हसला होता. हसणाऱ्यांची नावं ती विसरली. तो उंच धरलेला हात नाही. त्यानंतर ती शेंगवर्गात चुकली नाही. पानाच्या देठाशी उपपर्ण कसं चिकटलंय एवढ्यावरून जात सांगायला शिकली, आणि दर अचूक नावागणिक तिने त्या माणसाला मनातल्या मनात एकेक पायरी खाली उतरवलं — त्यांची पाठ केलेली वाक्यं, सत्काराची हौस, शाल घेताना आधीच वाकणारी मान... आणि आज ते चुकले होते. चारचौघांत, आणि तेही रंगात. शाळकरी पोरही चुकणार नाही अशी चूक.

ती सावकाश त्यांच्याजवळ गेली. घाई नव्हती. असलं काही घाईने करायचं नसतं.

"सर, फुलाचा रंग परत एकदा सांगता?"

"पिवळा म्हटलं की."

दाखवायला म्हणून त्यांनी हात पुढे केला. बोटं वेलीच्या वीतभर वरून, रिकाम्या हवेतून गेली, परतली, मग खाली उतरून पानाला लागली, आणि अंगठा पानाच्या पाठीवरून हळूहळू फिरू लागला. दामिनी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. म्हणजे सकाळपासून सगळी नावं अशी... आणि ती काठीही थाटासाठी नव्हती.

"दामिनी ना तू?" आवाज एकदम खाली आला. "काय हाय ते?"

"रानउडीद आहे सर. फूल जांभळं आहे."

"हाव का." अंगठा पानावर फिरतच होता. "लई धूसर झालंय आता. घरी सांगितलं न्हाई अजून. पोरांसमोर राहू दे."

कीव यायला हवी होती. आला तो संताप. इतकी वर्षं जपलेला तिरस्कार ज्याच्यासाठी होता तो माणूस हा नव्हताच. तो डोळस होता, उंच हात धरून उभा होता, आणि ऐन वेळी निसटून गेला होता, मागे हा म्हातारा ठेवून. हेसुद्धा नेलंत तुम्ही माझं...

"मॅडम." धम्मप्रिया वेलीचं टोक घेऊन आली होती. दामिनीकडे पीएच.डी. करणारी, किनवटची, कमी बोलणारी मुलगी. "हे फूल जांभळं आहे. शेंगेचं टोकही वाकडं आहे. रानउडीद ना हा?"

माना वर झाल्या. सरांचा अंगठा पानावर थांबला.

"सर सांगतात ते लिही," दामिनी म्हणाली.

"पण मॅडम, तुम्हीच नेहमी म्हणता, जे दिसतं तेच —"

"लिही म्हटलं ना."

धम्मप्रियाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, प्रश्नही उरला नव्हता. एखाद्याविषयीचा निकाल लागल्यावर माणूस बघतो तसा नुसता गारवा होता. मग तिने मान खाली घालून मुकाट्याने लिहिलं. दामिनीला ती नजर अनोळखी नव्हती. ती आतून माहीत होती, चांगली मुरलेली. समोरून कशी दिसते ते मात्र आज कळलं.

परतताना सरांनी तिच्या कोपराला धरलं होतं. माहूरच्या कुठल्या तरी जुन्या सहलीची गोष्ट ते रंगवून सांगत होते. पुढे धम्मप्रियाची ताठ पाठ. हाक मारावी, गाडीत शेजारी बसवून सांगावं... काय सांगावं? की दया आली म्हणून मी खोटं बोलले? दया तर आली नव्हती. तिने त्या पाठीला नावं ठेवून बघितली — आगाऊ, पुस्तकी, काल आलेली पोर — एरवी असली नावं तोंडात तयार असत. आज एकही चिकटेना. त्या मुलीच्या जागी मी असते तर... पुढचं वाक्य तिने होऊ दिलं नाही.

"दगड हाय का खाली?" सरांनी विचारलं.

"नाही सर, वाट सरळ आहे," ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण खाली पाहिलंच नव्हतं.